दोन राउटर जोडण्याची केबल: निवड, क्रिम्पिंग आणि तपासणी

दोन राउटर एकमेकांना जोडायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो 'सरळ केबल लागेल की क्रॉस?' हा. उत्तर शोधण्याआधी दोन्ही राउटरची मागची बाजू नीट बघा. केबल ठरते ती पोर्टावरून, आणि आरजे-४५च्या (आठ पिनांच्या नेहमीच्या नेटवर्क प्लगच्या) एकाच आकाराच्या खाचेमागे अगदी वेगवेगळे पोर्ट असू शकतात.

'लॅन', 'वॅन', 'इथरनेट', 'जीई', 'एफई' असं काही छापलेलं असेल तर ते इथरनेट पोर्ट. या लेखाचा बराचसा भाग त्याबद्दलच आहे. 'कन्सोल' किंवा 'ऑक्स' लिहिलेलं पोर्ट राउटरची मांडणी करण्यासाठी असतं, इथरनेटचा डेटा त्यातून जात नाही. राउटरच्या खोक्यात सापडणारी चपटी, फिकट निळी केबल या पोर्टाची. तिच्यात १ नंबरची तार दुसऱ्या टोकाला ८ वर, २ ची ७ वर अशी सगळी मांडणी उलटी असते. हाताशी आहे म्हणून ती दोन इथरनेट पोर्टांत खोचली जाते आणि मग लिंक (जोडणी) का येत नाही याचा शोध सुरू होतो. तिसरा प्रकार टी-१ आणि ई-१ (दूरसंचार कंपन्यांच्या जुन्या डिजिटल लाइनींच्या) पोर्टांचा. तिथे १-२ आणि ४-५ या पिना वापरात असतात, त्यामुळे असे दोन पोर्ट समोरासमोर जोडायचे तर १ ची तार ४ वर आणि २ ची ५ वर न्यावी लागते. इथरनेटची क्रॉस केबल तिथे चालत नाही.

आयताकृती धातूची, रिकामी खाच दिसली तर ती एसएफपीची, म्हणजे वेगळं छोटं मॉड्यूल बसवण्याची. रुंद, अनेक पिनांचं, स्क्रूने आवळायचं पोर्ट असेल तर ते सीरियल. दोन्हींबद्दल पुढे थोडक्यात येईलच.

सरळ की क्रॉस

१० आणि १०० एमबीपीएस इथरनेटमध्ये केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच कामाला येतात. राउटर किंवा संगणक १-२ वर पाठवतो आणि ३-६ वर ऐकतो. स्विचचं बरोबर उलट असतं. म्हणून राउटर ते स्विच सरळ केबल चालते. राउटर ते राउटर सरळ केबल लावली तर दोघेही एकाच जोडीवर बोलतात आणि दुसऱ्या जोडीवर कोणीच बोलत नाही. क्रॉस केबल ही अदलाबदल तारेतच करून टाकते.

घरगुती राउटरमध्ये एक मेख आहे. त्याचे लॅन पोर्ट म्हणजे आत बसवलेला छोटा स्विच असतो आणि वॅन पोर्ट हे खरं राउटरचं पोर्ट. त्यामुळे अगदी जुन्या उपकरणांत एकाचा लॅन दुसऱ्याच्या वॅनला जोडताना सरळ केबल लागते, लॅन-लॅन जोडताना मात्र क्रॉस.

गिगाबिटने हा हिशोब बराचसा संपवला. १९९९ साली आलेल्या त्या मानकात चारही जोड्या दोन्ही दिशांना एकाच वेळी वापरल्या जातात, आणि कोणती जोडी कुठे आली आहे हे पोर्ट स्वतः ओळखून घेतं. या सोयीला ऑटो एमडीआय-एक्स म्हणतात. दोनपैकी एका बाजूला ती असली तरी पुरे. थोडक्यात, आज दोन गिगाबिट राउटर जोडायला साधी सरळ केबल घ्या.

क्रॉस केबलची गरज उरते ती दोन ठिकाणी. दोन्ही राउटर जुने १०/१०० चे असतील आणि कोणाकडेच ही सोय नसेल, हे एक. दुसरं ठिकाण लवकर लक्षात येत नाही. बऱ्याच उपकरणांत पोर्टाचा वेग आणि डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलायचं ते फुल, आळीपाळीने ते हाफ) हाताने ठरवला की ऑटो एमडीआय-एक्स बंद पडतं. सरळ केबलवर महिनोन्महिने चालणारी लिंक 'स्पीड १००, डुप्लेक्स फुल' अशी ओळ घातल्याक्षणी जाते आणि दोष केबलवर येतो.

तसंही हाताने वेग ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. एका बाजूला १०० फुल ठरवलं आणि दुसरी बाजू ऑटोवर ठेवली, तर ऑटो बाजूला वेग कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, आणि ती हाफवर जाऊन बसते. लिंकचा दिवा लागतो, पिंगही (पोहोच तपासणारं छोटं पॅकेट) जातं, पण मोठी फाईल पाठवली की सगळं रखडतं. हाफ बाजूच्या काउंटरमध्ये लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) वाढत जातात आणि फुल बाजूला सीआरसी चुका (वाटेत बिघडलेली पॅकेट). तांब्यावरच्या गिगाबिटला तर ऑटो नेगोशिएशन (दोन्ही पोर्टांनी वेग आपसांत ठरवणं) लागतंच, ते बंद करायचंच नसतं.

कोणत्या दर्जाची केबल

कॅट-५ई गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. २.५ गिगाबिटचं २०१६ चं मानकही याच केबलसाठी बनवलं आहे. ५ गिगाबिटसाठी कॅट-६ घ्या. १० गिगाबिट कॅट-६ वर फार तर ५५ मीटर जातं, आणि अनेक केबली एकत्र बांधलेल्या असतील तर ३७ मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नये. पूर्ण १०० मीटर १० गिगाबिट हवं असेल तर कॅट-६ए. हे १०० मीटर म्हणजे भिंतीतली ९० मीटर अखंड तारेची केबल आणि दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड (छोट्या, मऊ जोडकेबली) मिळून १० मीटर. शंभरच्या शंभर मीटर मऊ पॅच केबल ओढली तर हिशोब जुळत नाही, कारण बारीक तारांच्या पेडात सिग्नल जास्त क्षीण होतो.

आरजे-४५ प्लग लावलेली 'कॅट-७' केबल दिसली तर तिच्यामागे धावू नका. कॅट-७ च्या मूळ मानकात जोडणीसाठी वेगळे कनेक्टर आहेत, आरजे-४५ नाही. कॅट-८ ही डेटा सेंटरमधल्या ३० मीटरपर्यंतच्या जोडणीसाठी आहे. दोन राउटरच्या मध्ये ती लावून काही वाढत नाही, फक्त केबल जाड होते आणि वळवताना त्रास देते.

आवरणावरच्या छापील दर्जापेक्षा आतला धातू जास्त महत्त्वाचा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या केबली सर्रास मिळतात. त्यांच्यावर 'सीसीए' लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. अशा तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, ती दोनतीनदा वाकवली की तुटते आणि पीओईवर (डेटाच्या केबलमधूनच उपकरणाला) वीज जात असेल तर जास्त तापते. मानकांत या धातूला जागाच नाही. ओळखायचं तर तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती केबल बाजूला ठेवा. वजनावरूनही अंदाज येतो, तांब्याची पेटी उचलताना जड लागते.

दोन राउटर एकाच रॅकमध्ये किंवा एकाच खोलीत असतील तर क्रिम्पर (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायची पक्कड) हातात घेऊच नका. दोन-तीन मीटरसाठी कारखान्यात बनवलेला, तपासलेला कॅट-६ पॅच कॉर्ड हातच्या प्लगपेक्षा चांगला निघतो. भिंतीतून किंवा पाइपातून केबल ओढायची असेल तरच पुढची मेहनत.

क्रिम्पिंग

लागणारं सामान: अखंड तांब्याची केबल, त्याच दर्जाचे प्लग (दोन हवेत तर सहा घ्या), साल काढायचं साधन, क्रिम्पर, चांगली धार असलेलं कटर आणि टेस्टर.

प्लग घेताना दोन गोष्टी जुळतात का बघा. एक, तो अखंड तारेसाठी आहे की बारीक तारांच्या पेडासाठी. अखंड तारेच्या प्लगची पट्टी तारेला दोन्ही बाजूंनी कवेत घेते, पेडाच्या प्लगची पट्टी पेडात घुसते. चुकीचा प्लग लावला तर आज चालेल, पण काही महिन्यांनी संपर्क सैल होईल. दोन, जाडी. कॅट-६ ची तार कॅट-५ई पेक्षा जाड असते, त्यामुळे कॅट-५ई च्या प्लगमध्ये ती पूर्ण आत जात नाही आणि जोर लावला तर क्रम विस्कटतो.

रंगांचा क्रम टी-५६८-बी प्रमाणे असा:

१ पांढरा-नारिंगी
२ नारिंगी
३ पांढरा-हिरवा
४ निळा
५ पांढरा-निळा
६ हिरवा
७ पांढरा-तपकिरी
८ तपकिरी

क्रम मोजताना प्लगची चिमटी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि तारा तुमच्या बाजूने आत जात असाव्यात. १ नंबर डावीकडे येतो. टी-५६८-ए मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीची जागा बदलते, बाकी सगळं तेच. दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवला की सरळ केबल झाली. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी लावला की क्रॉस. ए चांगला की बी, या वादात अर्थ नाही. जागेवर आधीपासून जो क्रम वापरलेला असेल तोच पुढे चालू ठेवा.

१. आवरणाची साल साधारण २५ ते ३० मिलिमीटर काढा. ब्लेड फिरवताना आतल्या तारांना खरचटलं का ते वाकवून बघा. खरचटलेली तार पुढे तिथेच तुटते. शंका आली तर तेवढं टोक कापून पुन्हा सुरू करा.

२. जोड्या सुट्या करा. कॅट-६ च्या मध्ये प्लॅस्टिकचा क्रॉस असेल तर तो मुळापासून कापा.

३. पीळ सोडा, पण गरजेपुरताच. तयार प्लगमध्ये पीळ सुटलेली लांबी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. पीळ म्हणजेच या केबलचं संरक्षण. एका जोडीचा आवाज दुसरीत जाऊ नये म्हणून प्रत्येक जोडीला वेगळ्या मापाचा पीळ दिलेला असतो, आणि प्लगजवळ तो जितका सुटेल तितक्या चुका वाढतात.

४. तारा क्रमाने लावून बोटांत धरा, डावी-उजवीकडे हलवत सरळ करा, मग एका फटक्यात समान कापा. तिरपं कापलं तर कडेच्या तारा पट्टीपर्यंत पोहोचत नाहीत.

५. प्लगमध्ये सरकवा आणि समोरून बघा. आठही तारांची तांब्याची टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. रंगांचा क्रम याच वेळी पुन्हा एकदा तपासा, दाबल्यानंतर तपासून उपयोग नाही.

६. केबलचं आवरण प्लगच्या आत, दाबणाऱ्या पाचरीखाली आलं पाहिजे. आवरण बाहेर राहून नुसत्या तारा आत गेल्या असतील तर केबलला बसणारा प्रत्येक हिसका थेट तारांवर येतो. हातच्या प्लगमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच.

७. क्रिम्पर पूर्ण दाबा, आपोआप सुटेपर्यंत.

तारा आरपार जाणारे प्लग सोपे वाटतात, क्रम नीट दिसतो. पण क्रिम्परचं पातं बोथट असेल तर समोर तांब्याचे तुसे राहतात आणि शेजारच्या तारेला चिकटतात. तसे प्लग वापरत असाल तर पातं वेळेवर बदला.

केबल ओढताना ११० न्यूटनपेक्षा जास्त ताण देऊ नका, म्हणजे साधारण ११ किलो वजन टांगल्याइतका. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी नको. विजेच्या वायरिंगच्या शेजारून लांबवर समांतर नेऊ नका, ओलांडावी लागलीच तर काटकोनात ओलांडा. प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळताना केबल चेपेल इतकं ओढू नका.

टेस्टर पास म्हणतो, तरी लिंक रखडते

आठ दिवे क्रमाने लागणारा स्वस्त टेस्टर फक्त एवढंच सांगतो की १ ची तार १ ला पोहोचली, २ ची २ ला. जोड्या बरोबर आहेत का हे त्याला कळत नाही. रंग जोडीने लावून टाकण्याची सवय इथे नडते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना असंच लावलं तर टेस्टरचे आठही दिवे लागतात. पण ३ आणि ६ हे पोर्टाच्या दृष्टीने जोडीदार आहेत, आणि या केबलमध्ये ३ वर हिरव्या जोडीची तार तर ६ वर निळ्या जोडीची. जोडीदार एकमेकांभोवती पिळलेलेच नाहीत. छोट्या केबलवर हे खपून जातं, वीस-तीस मीटरवर पॅकेट गळू लागतात किंवा गिगाबिट येतच नाही. याला स्प्लिट पेअर म्हणतात. केबलीतली ही चूक शोधायला सोपी आहे: प्लग उजेडात धरा आणि निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना हिरव्या जोडीच्या तारा दिसतात का बघा. बी क्रमात ४ आणि ५ वर निळी जोडी, तिच्या अल्याड ३ वर पांढरा-हिरवा आणि पल्याड ६ वर हिरवा. ए क्रमात तिथे नारिंगी जोडी दिसेल.

दोन गिगाबिट राउटर १०० एमबीपीएसवरच अडले, तर ४-५ किंवा ७-८ पैकी एखादी तार तुटली आहे असं समजून तिकडे बघा. १०० ला फक्त १-२ आणि ३-६ लागतात, म्हणून लिंक येते खरी, पण खालच्या वेगावर. पोर्टाच्या दिव्याचा रंग बऱ्याचदा हे सांगतो. कोणता रंग कशासाठी हे प्रत्येक उपकरणात वेगळं असतं, तेव्हा अंदाज न करता मांडणीच्या पानावर वेग वाचा.

फायबर आणि सीरियल

१०० मीटरच्या पुढे किंवा एका इमारतीतून दुसरीत जायचं असेल तर तांबं सोडा. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये विद्युतदाबाचा फरक असू शकतो, तो तांब्याच्या केबलमधून वाट काढतो, आणि विजा कडाडल्या की दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. आवरणयुक्त केबल घेऊन हा प्रश्न सुटत नाही, उलट त्या आवरणातूनच विद्युतप्रवाह वाहू शकतो. फायबर, म्हणजे प्रकाश नेणारा काचेचा तंतू, वीज वाहत नाही.

फायबरमध्ये दोन्ही टोकांचे एसएफपी एकाच प्रकारचे हवेत. एसएक्स म्हणजे ८५० नॅनोमीटर, मल्टिमोडवर (जाड गाभ्याच्या, जवळच्या अंतराच्या फायबरवर) ५० मायक्रॉनच्या फायबरमध्ये ५५० मीटरपर्यंत. एलएक्स/एलएच म्हणजे १३१० नॅनोमीटर, सिंगल मोडवर (बारीक गाभ्याच्या, लांब अंतराच्या फायबरवर) १० किलोमीटरपर्यंत. सिंगल मोड केबल सहसा पिवळी, नवी मल्टिमोड फिकट निळसर-हिरवी. एकाच तारेवर दोन्ही दिशा चालवणारे बायडी एसएफपी मात्र जोडीनेच घ्यावे लागतात: एक १३१० वर पाठवणारा, दुसरा १४९० वर. दोन्ही सारखे घेतले तर लिंक येणार नाही.

दोन तारांच्या फायबरमध्ये क्रॉस अजूनही लागतो. एकाचं पाठवणारं टोक दुसऱ्याच्या ऐकणाऱ्या खाचेत गेलं पाहिजे. लिंक आली नाही तर एका बाजूच्या दोन एलसी (फायबरच्या छोट्या) प्लगांची अदलाबदल करून बघा. हिरवा प्लग तिरप्या घासलेल्या टोकाचा आणि निळा सपाट टोकाचा, ते एकमेकांना जोडू नका. टोकं लावण्याआधी फायबरच्या खास पुसणीने पुसा आणि चालू फायबरमध्ये डोळा लावून कधीही बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करतो. ८० किलोमीटरचे एसएफपी दोन मीटरच्या पॅच कॉर्डवर जोडले तर ऐकणाऱ्या बाजूला प्रकाश जास्त होतो, मध्ये अॅटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) लागतो.

सीरियल पोर्ट आता मुख्यतः सरावाच्या प्रयोगशाळेत भेटतात. दोन राउटर पाठीला पाठ लावून जोडताना एका बाजूला डीटीई (क्लॉक घेणारी) केबल, दुसऱ्या बाजूला डीसीई (क्लॉक देणारी) केबल आणि मध्ये दोन्हींची गाठ. डीसीईच्या बाजूलाच क्लॉक रेट (लाइनचा वेग ठरवणारे ठोके) द्यायचा, उदाहरणार्थ ६४०००. सिस्कोच्या राउटरवर 'शो कंट्रोलर्स' ही आज्ञा कोणतं टोक कुठे आहे ते सांगते. क्लॉक विसरला की लाइन चालू आणि प्रोटोकॉल बंद असं चित्र दिसतं.

जोडल्यावर

केबल बदलण्याआधी पोर्ट उघडा आहे का बघा. सिस्कोच्या नव्या राउटरचे पोर्ट सुरुवातीला बंदच असतात, 'नो शटडाउन' द्यावं लागतं. मग दोन्ही बाजूंना एकाच जाळ्यातले दोन पत्ते द्या, जसे १०.०.०.१ आणि १०.०.०.२, मास्क (जाळ्याचा आवाका ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.२५२. एकमेकांना पिंग करा, लहान पॅकेटने आणि मग १४०० बाइटच्या पॅकेटने, निदान हजारभर. त्यानंतर पोर्टाचे काउंटर बघा. सीआरसी चुका शून्यावर स्थिर असतील तर केबल चांगली. वाढत असतील तर आधी दोन्ही बाजूंचा डुप्लेक्स तपासा, मग तयार पॅच कॉर्ड लावून बघा, आणि तरीही वाढत असतील तर पोर्ट बदला.

घरात दुसरा राउटर फक्त वायफाय वाढवण्यासाठी लावत असाल तर केबल लॅनमधून लॅनमध्ये घाला. त्याआधी दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सोय) बंद करा आणि त्याचा पत्ता बदला. पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या आणि हा पत्ता पहिल्याच्या डीएचसीपीच्या यादीबाहेर ठेवा. दुसऱ्या राउटरखाली वेगळं जाळं हवं असेल तर पहिल्याचा लॅन दुसऱ्याच्या वॅनला जोडा, पण आतलं जाळं वेगळ्या पत्त्यांचं ठेवा, समजा १९२.१६८.२.१. दोन्हीकडे १९२.१६८.१ राहिलं तर दुसरा राउटर पॅकेट कुठे पाठवायचं तेच ठरवू शकत नाही. आणि दोघांच्या लॅन पोर्टांमध्ये 'वेग वाढेल' म्हणून दुसरी केबल टाकू नका. घरगुती स्विचमध्ये वळसा तोडणारी सोय बहुतेक वेळा नसते, त्यामुळे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेली) पॅकेट फिरत राहतात आणि काही सेकंदांत सगळं जाळं ठप्प होतं. तसं झालं तर सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकतात. कोणतीही एक केबल काढली की जाळं पूर्ववत होतं.